अर्ध्या सामन्याचं गवत

शुक्रवार, १३ मार्च २०२०. दुपारी चार वाजून बावीस मिनिटांनी सामना थांबला.

पूर्वार्ध संपून दहा मिनिटं झाली होती. मस्कतचा संघ दक्षिणेच्या खांबांखाली गवतावर पसरून संत्री खात होता. संत्री रुपालीने सकाळी कापून ओल्या फडक्याखाली ठेवली होती. डेक्लनचा फोन वाजला. डेक्लन शाळेत गणित शिकवायचा. यजमान संघाचा तो गोलरक्षक होता आणि क्लबचा सेक्रेटरीही. फोन कानाला लावून तो बाजूच्या रेषेपर्यंत चालत गेला, तिथे थोडा वेळ उभा राहिला, मग परत येऊन पंचाशी बोलला. पंचाने शिट्टी वाजवली नाही. नुसता हात आडवा केला.

मस्कतच्या एका खेळाडूच्या ऑफिसात कुणाचा तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह आला होता. वीस मिनिटांत मैदान रिकामं झालं. जाताना कुणी कुणाशी हात मिळवला नाही. अर्धवट चोखलेल्या फोडी गवतात राहिल्या. गुंडू परब बादली घेऊन त्या वेचत फिरला. साली राहिल्या तर मुंग्या होतात.

आखाती देशांत नोकरीला आलेल्या आयरिश लोकांच्या क्लबांची, त्यांच्या देशी फुटबॉलची ही स्पर्धा. नऊ वर्षं ह्या मैदानाचं गवत राखून गुंडूला खेळ लागेल तेवढा कळत होता. खांब इंग्रजी एच अक्षरासारखे. चेंडू आडव्या दांडीवरून गेला की एक गुण, दांडीखालून जाळ्यात गेला की तीन. हातानेही खेळतात, पायानेही. इथल्या स्पर्धेत दोन्हीकडे अकरा अकरा जण. मैदान एकशे तीस मीटर लांब आणि ऐंशी मीटर रुंद, म्हणजे अडीच एकराच्या वर. भावाचा वाटा धरूनही गावात परबांकडे एवढी सलग सपाट जमीन नव्हती.

सामना थांबला तेव्हा यजमान नऊ, मस्कत आठ.

बहारीनमध्ये रिफाहून सखीरकडे जाताना मुख्य रस्ता सोडला की दोन किलोमीटरवर हे मैदान लागतं. पश्चिमेला वाऱ्याच्या आडोशासाठी खजुरांची एक रांग. उत्तरेला सामानाची पत्र्याची खोली आणि तिच्या पाठीमागे गुंडूचं बिऱ्हाड. दहा बाय बाराची एक खोली, पुढे छपराचा तुकडा, त्याखाली गॅसची शेगडी. गुंडू एकावन्न वर्षांचा, रुपाली चव्वेचाळीसची. लग्नानंतर तो आखातात आणि ती गावात, अशी सतरा वर्षं गेली. मूल नव्हतं. गावच्या घरात मोठी जाऊ काशीबाई हो म्हणेपर्यंत रुपालीने चुलीवर पातेलं चढवायचं नाही, अशी रीत होती. तीन वर्षांपूर्वी रिफामधल्या स्मितावहिनींना स्वयंपाकाला बाई हवी होती. रुपाली त्यांच्या व्हिसावर आली. क्लबचा मॅनेजर वली मूळचा खेडचा. त्याने तिला नवऱ्याच्या खोलीत राहू दिलं. पहिल्या दिवशी तिने शेगडी पेटवली आणि काही न शिजवता ती नुसती बघत बसली होती. गुंडूने विचारलं तेव्हा म्हणाली, "काय नाय. पेटता काय बघी होतंय."

*

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रुपाली नेहमीसारखी सव्वासात वाजता रिफाच्या व्हिलापाशी पोचली. गेट बंद होतं. गुरुप्रसाद, स्मितावहिनींचे यजमान, आतून आले. बँकेत अकाउंटंट होते आणि आता घरून काम करायचे. त्यांनी गेटच्या गजांतून हात बाहेर काढून तिच्या कपाळाला तापमापक लावला.

"छत्तीस पॉइंट चार," ते मागे वळून म्हणाले.

"परत बघ," आतून आवाज आला.

त्यांनी परत बघितलं. तेवढंच होतं. मग स्मितावहिनी मास्क सावरत आल्या. चपला पिशवीत घालून बाहेर ठेव म्हणाल्या. तिच्या हातांवर कोपरापर्यंत फवारा मारला. खुर्ची दिली, पण पोर्चमध्ये.

"रुपाली, हे बघ, तू आता इथेच राहा. मागची रूम आहे ना. रोजचं येणं-जाणं आम्हाला नाही चालणार. तुझ्या त्या भावाच्या हूराच्या बिल्डिंगमध्ये किती लोक आहेत, तुलाच माहितीये."

"मी हूराक जाणंय नाय, वहिनी."

"तो तुझ्याकडे येतो ना पण."

"किती दिवस ऱ्हवाचा?"

"ते कोण सांगणार?"

मागची रूम रुपालीला ठाऊक होती. तिथे इस्त्रीचं टेबल आणि मुलांच्या जुन्या सायकली होत्या. तिने पदराला हात पुसले. फवाऱ्याने कातडी ताठ झाली होती.

"माझा बिऱ्हाड आसा ना, वहिनी," ती म्हणाली.

"मग हे सगळं संपल्यावर ये. व्हिसाचं आम्ही काही करत नाही. ते राहू दे." वहिनी वाईट नव्हत्या. कांदे-बटाट्यांची पिशवी त्यांनी गेटच्या बाहेर ठेवली, आत गेल्या आणि मग खूण करून उचल म्हणाल्या.

बस आली नाही. रुपाली पिशवी घेऊन नऊ किलोमीटर चालली. रस्ता सगळा रिकामा होता. सिग्नल आपले लाल-हिरवे होत होते. मॉलच्या काचेत आकाश दिसत होतं आणि त्याखालून चालणारी ती एकटी. तिला मध्येच वाटलं, आपण झोपेत चालतोय, आता कुणीतरी हाक मारील. कुणी मारली नाही. पोचली तेव्हा गुंडू मैदानावर रेषा मारत होता. पांढऱ्या रंगाचं यंत्र ढकलत तो सुताच्या कडेने हळूहळू येत होता. पुढच्या दिवशी सामना असावा तसा.

"इलंस?" तो न थांबता म्हणाला.

"इलंय."

रेष टोकाला नेऊन त्याने यंत्र उभं केलं. मग विचारलं, "काढल्यानी?"

"नाय. ऱ्हव म्हणी होते."

"मगे?"

ती पिशवी घेऊन छपराखाली गेली. थोड्या वेळाने शेगडी पेटल्याचा आवाज आला.

*

वली आला तो एप्रिलच्या शेवटी, रमजानात. गाडीतून उतरला नाही. काच अर्धी खाली केली.

"रेषा कुणासाठी मारतोस, गुंडूभाऊ? सगळे घरात बसलेत."

"पुसली तर परत सूत धरूक लागता, वलीभाई."

"बरं ऐक. मालकाला ही जमीन परत हवीये. इथे प्लास्टिकचं गवत घालणार, पाच-पाच जणांच्या फुटबॉलसाठी. आपला भाड्याचा कागद डिसेंबरपर्यंत आहे. आता स्पर्धेच्या दुबईच्या कमिटीने लिहिलंय, राहिलेला अर्धा सामना ह्याच मैदानात होणार, ह्याच दोन संघांत, ह्या वर्षाच्या आत. तो झाला तर पुढची स्पर्धाही इथेच. मग क्लब पाच वर्षांचा कागद करील, मालक तयार आहे. नाही झाला तर खलास."

"आणि खोली?" रुपालीने छपराखालून विचारलं.

वलीने तिच्याकडे बघितलं. "प्लास्टिकला माळी कशाला लागतो, भाभी?" मग तो म्हणाला, "गवत तेवढं जिवंत ठेवा. बाकी इंशाल्ला."

गाडी गेल्यावर धूळ बराच वेळ हवेत राहिली. मैदान गेलं तर गुंडूला गावाला जावं लागणार आणि रुपालीला एक तर इस्त्रीच्या टेबलाशेजारी किंवा काशीबाईच्या चुलीपुढे. हे बोलून दाखवण्यासारखं नव्हतं.

मे महिन्यात पाण्याची मोटर जळली. दुरुस्तीचं दुकान बंद होतं, दुकानदाराची बिल्डिंग सील झाली होती. मोटर सुरू व्हायला अकरा दिवस लागले. बाकीचं मैदान पिवळं पडून परत सावरलं. दक्षिणेच्या खांबांपुढचं नाही सावरलं. तिथे गोलरक्षकांच्या पायांनी जमीन मुळातच दडपलेली. शेवटच्या रेषेपासून तेरा मीटरच्या रेषेपर्यंत आणि खांबांच्या दोन्ही बाजूंना, गवत दाबेलीच्या कागदासारखं तपकिरी झालं आणि बुटाच्या टोकाने उकरलं की उडू लागलं. नवं गवत गुंडाळ्या करून समुद्रावरच्या पुलावरून सौदीतून यायचं. पूल बंद होता.

गुंडू तीन दिवस त्या तुकड्याभोवती फिरला. चौथ्या दिवशी म्हणाला, "लावणी करूया."

"कसली?"

"ह्याचीच. कडेचो दोर काढूचो, बोट बोट तोडूचो आणि लावचो. भाताचो तरवो लावतो तसो."

मैदानाच्या कडेला गवताचे दोर रेषेबाहेर सरपटत गेलेले होते. रोज पहाटे साडेचारला उठून दोघं ते कापायची आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. गुंडूने मेलेलं गवत खरवडून काढलं, जमीन कुदळीने फोडली आणि तुकड्याभोवती गुडघाभर उंचीचा बांध घातला. बांध त्याने पायाने थापून, हाताने सारवून इतका नीट केला की रुपालीला हसू आलं. मग त्याने पाणी सोडलं. माती आणि वाळू कालवून चिखल केला. जूनचे शेवटचे दिवस होते. आठ वाजता पत्र्याला हात लावता येत नव्हता आणि हा माणूस वाळवंटात पोटरीभर चिखलात उभा होता, चेहऱ्यावर एक प्रकारचं समाधान घेऊन.

टँकर घेऊन प्रशांत यायचा. प्रशांत रुपालीचा धाकटा भाऊ, मनामा शहरातल्या हूरामध्ये आठ जणांच्या खोलीत राहणारा. रस्त्याकडेच्या झाडांना घालायचं शुद्ध केलेलं सांडपाणी तो वाहून न्यायचा, आणि वलीने कागद करून आठवड्याला एक टँकर मैदानाला मिळवला होता.

"भावजी, काय भात करतास काय? पेज तरी मिळात."

"पाइप धर, बोलू नको."

"नाय, बोलतंय एवढ्यासाठी की ह्या पाणी साधा नाय. बहारीनच्या सगळ्या मोठ्या लोकांच्या घरसून इलेला आसा. मान देवन वापरा."

"तुज्या तोंडार मास्क कित्याक दिल्यानी माका आता कळला," गुंडू म्हणाला. प्रशांत हसला. पाइपातून पाणी फसफसत बांधात पडत राहिलं.

*

जुलै आणि ऑगस्टमध्ये बारा ते चार उघड्यावर काम करायचं नाही असा इथला कायदा. ते चार तास दोघं खोलीत पडून असायची. एसी जुना, त्याचा आवाज मोठा. खिडकीला लावलेल्या चांदीच्या कागदातून उजेड झिरपायचा आणि भिंतीवर पाण्यासारखा हलायचा. गुंडू अर्ध्या झोपेत असायचा. त्याला सगळं मैदान पाण्याने भरलेलं दिसायचं, क्षितिजापर्यंत सपाट, एचसारखे खांब पाण्यात उलटे. त्यात मस्कतचे खेळाडू गुडघाभर उभे, वाकून दोर लावत मागे मागे सरकतायत. डेक्लन बांधावर उभा. कुणी बोलत नाही. पाण्याचा चुळचुळ आवाज तेवढा. गुंडूला त्यांना सांगायचं असायचं की उभा लावू नका, आडवा लावा, आणि सांगण्यापूर्वी तो जागा व्हायचा.

लावलेले दोर पहिले दोन आठवडे हिरवे राहिले. मग टोकं जळू लागली. एका सकाळी बांधाच्या आतल्या ओल्या जमिनीवर पांढरी साय धरलेली दिसली. गुंडूला वाटलं रेषांचा रंग पाण्याबरोबर पसरला असेल. त्याने फावड्याने साय काढली. दोन दिवसांनी ती परत आली, जास्त जाड. त्याने तीही काढली आणि रुपालीला काही सांगितलं नाही.

रुपालीला ती दिसली जुलैच्या अखेरीला. ती बांधावर उकिडवी बसली, बोट टेकवलं आणि जिभेला लावलं. मग थुंकली.

"अवो, ह्यो रंग नाय. मीठ आसा."

"वाऱ्यान इला आसतला."

"वारो काय सूत धरून येता? बांधाच्या आतच बरो पडलो."

प्रशांत टँकरच्या पायरीवर बसला होता. "आक्का, त्या पाण्याक तोंड लावलंस? आता आख्ख्या मनामाची चव कळली तुका."

ती हसली नाही. "बांध फोडा," ती गुंडूला म्हणाली.

"लावणीत पाणी ऱ्हवाक होया."

"तुमच्या डोंगरार. थय वरसून पावस पडता आणि सगळा धुवन न्हेता. हयसर पावस खय आसा? माझो बापूस चाळीस वर्सां खाजणाच्या मोरयेर बसलो. खाडीच्या कडेची जमीन ती, पाणी कोंडून ठेवला की खालचा मीठ वर येता. भरतीक मोरी बंद, ओहोटीक उघडी. पाण्याक येवक वाट होयी तशी जावक होयी."

"हयसर खाडी आसा काय जावक?"

"खजुरांच्या पाठसून जमीन सकल उतरता. मी बघलंय."

"तू बघलंस," गुंडू म्हणाला. "आणि मी नऊ वर्सां हयसर काय बघी होतंय?"

गुंडूने त्या दिवशी बांधाला आणखी एक थर चढवला. तीन दिवस तो जेवायला आला, जेवला, ताट धुऊन ठेवलं आणि निघून गेला. एरवी तो ताट धूत नसे. चौथ्या पहाटे रुपाली उठून बाहेर आली तेव्हा बांध फोडलेला होता. गुंडू खजुरांच्या पलीकडे उभा राहून उताराकडे बघत होता. त्याच्या हातात सूत होतं.

*

चर खोदायला सत्तावीस दिवस लागले. तुकड्यापासून शेवटच्या रेषेबाहेरून खजुरांपलीकडे, चाळीस मीटर लांब, दोन फूट खोल. वरची हातभर माती सुटी, त्याखाली दगडासारखा कडक थर. टिकाव मारला की तो मनगटातून खांद्यापर्यंत झणझणायचा आणि थर सुपारीएवढा निघायचा. गुंडू खणायचा, रुपाली घमेली ओढायची. ऑगस्टमध्ये हवा इतकी दमट की पहाटे धुकं उतरायचं, आणि धुक्यात दोघांना एकमेकांचे नुसते आवाज यायचे. टिकावाचा ठण्ण, घमेल्याचा खर्र. खांब मध्येच दिसायचे, मध्येच विरून जायचे. साडेसातला सूर्य वर आला की कपडे अंगाला चिकटलेले असायचे आणि पाठीवर वाळलेल्या घामाची नक्षी. गुंडूच्या मांड्यांत घामोळं फुटलं. तो पाय फाकवून चालायचा. रुपालीच्या उजव्या अंगठ्याचं नख काळं पडून गळालं. तिने त्यावर चिंधी बांधली.

ह्याच काळात एकदा स्मितावहिनींचा फोन आला.

"रुपाली, कशी आहेस? आता जरा कमी झालंय ना सगळं. येशील का? पण राहायचं मात्र इथेच."

"वहिनी, आमची लावणी चालू आसा."

"लावणी? तू गावाला गेलीस का?"

"नाय. हयसरच आसंय."

फोन ठेवल्यावर तिने गुंडूला सांगितलं तेव्हा तो खूप दिवसांनी मोठ्याने हसला, आणि हसता हसता त्याला ठसका लागला.

चरात खडी भरली. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात प्रशांतने लागोपाठ तीन दिवस तीन टँकर ओतले. सांडपाण्याचे नव्हेत, पिण्याचे. वलीने कागद केला होता. पाणी तुकड्यावर पसरलं, मुरलं आणि संध्याकाळी चराच्या तोंडातून, खजुरांच्या मागे, गढूळ होऊन बाहेर पडलं. रुपालीने बोट बुडवलं.

"कडू."

दुसऱ्या दिवशी परत. "खारट."

तिसऱ्या दिवशी तिने बोट जिभेवर बराच वेळ ठेवलं. गुंडू तिच्या तोंडाकडे बघत उभा होता.

"अळणी," ती म्हणाली.

*

दुसरी लावणी सात ऑक्टोबरला सुरू झाली. ह्या वेळी पाणी कोंडायचं नाही, रोज थोडं द्यायचं आणि जाऊ द्यायचं. सूत बांधून वीतभर अंतरावर एकेचाळीस ओळी. दोघं पाठमोरी सरकत दोर आडवे घालायची, टोक वर ठेवून टाचेने दाबायची. ऊन आता सोसण्यासारखं होतं.

डेक्लन एका शनिवारी आला. मास्क लावून, सहा हात लांब उभा राहिला. मग बूट काढून एका ओळीत उतरला आणि सगळे दोर उभे लावू लागला.

"नो, नो. स्लीपिंग," गुंडू म्हणाला. "स्टँडिंग डाय."

"लाइक मी," डेक्लन म्हणाला आणि कंबर धरून उभा राहिला. त्याने सात दोर लावले. तो गेल्यावर रुपालीने ते उपटून परत आडवे लावले.

नोव्हेंबरच्या नऊ तारखेला कमिटीचं पत्र आलं. उरलेली तीस मिनिटं शुक्रवारी चार डिसेंबरला, दुपारी तीन वाजता. दोन्ही संघांचे अकरा खेळाडू मैदानात उतरले पाहिजेत. एकही कमी चालणार नाही. जमीन खेळण्याजोगी आहे की नाही ते पंच ठरवील. त्या दिवशी झाला नाही तर स्पर्धा रद्द.

त्यानंतर तीन दिवसांनी जमीनमालकाच्या ऑफिसातून नाझिश नावाची इंजिनिअर आली. कानपूरची, तिशीची, डोक्यावर पांढरं हेल्मेट. तिने मैदानाच्या चार कोपऱ्यांत लाल झेंड्या रोवल्या. एक झेंडी चौदाव्या ओळीत रोवायला निघाली तेव्हा गुंडूने हात आडवा केला.

"मॅडम, इधर नहीं. जड़ नया है."

"बस दो मिनट, अंकल."

"दो मिनट में मरता है."

तिने झेंडी बाहेर रोवली. मग मोजपट्टी घेऊन खोलीकडे आली. शेगडीवर भात होता.

"आंटी, ज़रा ये हटाइए. पीछे की दीवार नापनी है."

"भात हो रहा है."

"अभी नापना पड़ेगा. यहाँ ट्रान्सफॉर्मर आएगा."

रुपालीने गॅस बंद केला, पातेलं फडक्यात धरून बाहेर आली आणि ते हातात घेऊनच उभी राहिली. नाझिश शेगडी पायाने बाजूला सरकवणार होती. मग थांबली, वाकली, दोन्ही हातांनी उचलून ठेवली. भिंत मोजली. तीन मीटर साठ. वहीत लिहिलं.

"मैच हो गया तो ये सब कैन्सिल है," ती जाताना म्हणाली. "मुझे तो दोनों का नक्शा बनाना पड़ता है."

भात अर्धकच्चा राहिला. दोघांनी तो तसाच खाल्ला.

नोव्हेंबरच्या अखेरीला एकेचाळीसपैकी छत्तीस ओळी एकमेकींत मिसळल्या. लांबून बघितलं तर तो तुकडा कुठे सुरू होतो ते ओळखू येत नव्हतं. गुंडू मात्र डोळे मिटून चालला तरी ओळखायचा. पायाखाली जमीन तिथे जरा नरम होती.

*

गुरुवारी तीन डिसेंबरला पंच आला. मैदानभर फिरला. दक्षिणेच्या खांबांपुढे खिळ्यांचे बूट घालून पळाला, मध्येच वळला, टाच मारली. चार ठिकाणी काही झालं नाही. पाचव्या ठिकाणी, उजव्या खांबापासून तीन पावलांवर, गवताचा वीतभर तुकडा चटईच्या कोपऱ्यासारखा उचलला गेला. खाली मुळं दिसली, पांढरी, सुतासारखी, थोडीच.

पंचाने तो बराच वेळ बघितला. डेक्लनशी बोलला. डेक्लनने वलीला सांगितलं आणि वलीने गुंडूला.

"उद्या तीनच्या आधी परत बघणार. तिथलाच. पाय सरकला तर नाही म्हणणार."

"आणि मस्कत?"

"चौदा आलेत. विमानतळावर टेस्ट झाल्या. तिघं पॉझिटिव्ह. दहा निगेटिव्ह. एकाचा रिपोर्ट यायचाय."

"म्हणजे दहा."

"म्हणजे दहा किंवा अकरा," वली म्हणाला.

शुक्रवारी सकाळपासून सखीरच्या सर्किटवर शर्यतीच्या गाड्यांचा सराव चालू होता. आवाज वाळवंटावरून यायचा, वाढायचा, लांब जायचा. प्रशांत सुट्टी घेऊन आला होता.

गुंडूने उचललेल्या तुकड्याखाली चिमूटभर ओली वाळू घातली, तुकडा बसवला, दोन्ही तळव्यांनी दाबला. दोर बाजूच्या दोरांत गुंफले. रुपाली समोर गुडघ्यांवर बसली आणि तिनेही तळवे टेकवले. नख गेलेल्या अंगठ्यावर नवं नख अर्धं आलं होतं. ऊन कोवळं होतं. गवत तळव्यांखाली थंड लागत होतं आणि गाड्यांचा आवाज जमिनीतून आल्यासारखा हातांना जाणवत होता.

"घट झाला काय?" तिने विचारलं.

"माका काय म्हायत."

"ओढून बघा."

"ओढूचा नाय."

तिने तळवे काढले नाहीत. थोड्या वेळाने ती म्हणाली, "काशीबाय विचारी होती फोनार. कधी येतास म्हणान."

"काय सांगलंस?"

"शनवारी सांगतंय म्हटलंय."

दोन वाजून दहा मिनिटांनी पंच आला. रेषेबाहेर बसून बुटांच्या नाड्या बांधू लागला. वली गेटपाशी फोन धरून उभा होता. डेक्लन आपल्या अकरा जणांना घेऊन उत्तरेच्या टोकाला पळत होता.

दोन वाजून अडतीस मिनिटांनी मस्कतची बस आत आली. दार उघडलं. प्रशांतने मोठ्याने मोजले. दहा. दार उघडंच राहिलं.

पंच उठून खांबांकडे चालत आला. गुंडू आणि रुपाली गुडघ्यांवर होती. दोघांचे तळवे अजून त्या तुकड्यावर होते.

"प्लीज," पंच म्हणाला.

दोन वाजून एकेचाळीस मिनिटांनी दोघांनी हात काढले. अकराव्याचा रिपोर्ट तोवर आलेला नव्हता.